रुग्णाला ‘दारू सोडा’ असे सांगणे आरोग्यसेवकाचे काम आहे का?

प्रश्न – उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, करवीर तालुका

नमस्कार. तीस वर्षांवरील व्यक्तींचा जो तपासणी फॉर्म आशाताई घरोघरी जाऊन भरतात, त्यात तंबाखूबरोबरच ‘रोज दारू पिता का’ हाही प्रश्न असतो. उत्तर ‘हो’ आले की फॉर्मवर गुण पडतात; पुढे रक्तदाब, साखर आणि वजन यांवर सविस्तर बोलणे होते, पण दारूबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात की हा विषय काढला तर रुग्ण दुखावतो आणि रक्तदाबाच्या गोळ्या न्यायलाही यायचा थांबतो. उलट काहींच्या मते, पिणाऱ्या प्रत्येकाला ‘आजपासून बंद करा’ असे ठणकावून सांगणे हे आपले कर्तव्यच आहे. जो माणूस आठवड्यातून एकदा घेतो आणि ज्याला कोणताही त्रास नाही, त्याला असे सांगण्याचा आपल्याला अधिकार पोहोचतो का? आणि जो सकाळी उठल्यापासून पितो, त्याला केवळ सांगून काही उपयोग होतो का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद – शाहूपुरीतील एक फिजिशियन

सांगावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मद्याला १९८८ सालीच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात (माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या) घातले आहे, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे त्या संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टपणे जाहीर केले. थोडी दारू हृदयाला चांगली असते, हा समज ज्या जुन्या अभ्यासांवर उभा होता, त्यांतील अनेकांत ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेली माणसेही मोजली गेली होती, त्यामुळे थोडी पिणारे त्यांच्यापेक्षा निरोगी दिसले. आपल्या भागात तर तंबाखू आणि दारू एकत्र चालतात, आणि तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाच्या बाबतीत या दोहोंचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, तो कित्येक पटींनी वाढतो.

परंतु सगळ्यांना एकच वाक्य सांगणे मला पटत नाही. गर्भवती स्त्री, कावीळ किंवा यकृताचा आजार झालेला रुग्ण, क्षयरोगाच्या गोळ्या घेणारा रुग्ण (त्यांतील तीन औषधे यकृतावर ताण आणतात) आणि पूर्वी व्यसनातून बाहेर पडलेला माणूस, यांना ‘पूर्ण बंद’ असेच सांगावे. इतरांना धोका समजावून द्यावा, कमी करणेही हिताचे आहे हे सांगावे आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. त्यासाठी हिशेब आकड्यांत मांडलेला बरा. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारणतः ४२.८ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जाते. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे म्हणणाऱ्याला आपण चार पेग घेतो आहोत हे बहुधा ठाऊक नसते, आणि ते कळल्यावर त्याचा चेहरा बदललेला मी अनेकदा पाहिला आहे.

प्रतिसाद – मनोविकार विभागात काम केलेली परिचारिका

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी अधिक गांभीर्याने पाहते, कारण तेथे चुकीचा सल्ला जिवावर बेतू शकतो. वर्षानुवर्षे रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने एका दिवसात दारू बंद केली, तर सहा ते आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो आणि छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत. यावर उपचार झाला नाही तर मृत्यूही ओढवतो. मोटारसायकलवरून पडून पाय मोडलेला रुग्ण ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सलाईन उपसून पळू लागतो, तेव्हा नातेवाईक भुलीच्या औषधाला दोष देतात किंवा बाहेरची बाधा समजून अंगारा आणतात. दाखल करताना कोणी दारूबद्दल विचारलेलेच नसते, आणि विचारले तरी घरचे लपवतात. शिवाय अशा रुग्णाच्या शरीरात थायमिन हे जीवनसत्त्व फार कमी उरलेले असते. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले, तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

म्हणून अशा माणसाला ‘आजपासून बंद’ असे सांगून घरी पाठवू नये. ‘दारू बंद करायचीच आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि औषधे घेऊन’ असे सांगावे, आणि कोल्हापूरच्या सी.पी.आर. या सरकारी रुग्णालयाच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागाकडे चिठ्ठी द्यावी. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का आणि घोटभर घेतल्यावर ते थांबतात का, एवढे विचारले तरी बरेच कळते. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. दारू सुटण्याची गोळी जेवणात कालवून चोरून देण्याचा सल्ला कोणीही, कोणालाही देऊ नये. त्यासाठी दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, आणि आपल्याला काय दिले आहे हे त्या माणसाला ठाऊकच नसते.

प्रतिसाद – एका रुग्णाची पत्नी, इचलकरंजी

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, तरीही लिहिते. माझे यजमान यंत्रमागावर रात्रपाळी करत. त्यांना काविळीसाठी एका दवाखान्यात दाखल केले होते आणि घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून सांगितले, ‘यांना दारू देऊ नका.’ दारू मी देत नव्हते. त्या एका वाक्याने सगळी जबाबदारी माझ्यावर आली, आणि पुढे ते पिऊन आले की सासूबाई मलाच विचारायच्या, तुझं लक्ष कुठं असतं? नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगून त्यांच्याशी एकट्याशी दहा मिनिटे बोलणे केले, त्यांनाच विचारले की तुम्हाला काय वाटते, आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली. ते त्या तारखेला गेले. दारू लगेच सुटली नाही, मध्ये दोनदा पुन्हा सुरू झाली, पण प्रत्येक वेळी ते त्याच डॉक्टरांकडे परत जाऊ शकले, कारण तेथे त्यांचा अपमान झाला नव्हता. सल्ला द्यायचा तर तो पिणाऱ्या माणसाला द्या, एवढीच माझी विनंती आहे.

प्रतिसाद – गोकुळ शिरगाव येथील एक वाचक

मी अधूनमधून घेणारा माणूस आहे आणि डॉक्टरांनी विचारण्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो ओळीत बसलेले दहा जण ऐकत असताना मोठ्या आवाजात विचारण्याला, आणि एकदा उत्तर दिले की पुढे गुडघेदुखीचा दोषही दारूलाच देण्याला. विम्याचा दावा नाकारला जाईल या भीतीनेही लोक केसपेपरवर खरे लिहू देत नाहीत. खरे उत्तर हवे असेल, तर विचारण्याआधी दार बंद करा.

पुन्हा प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. इचलकरंजीच्या ताई, आपण लिहिलेले वाचून मी आशाताईंशी बोललो. घरातल्या सगळ्यांसमोर हा प्रश्न न विचारता, ज्यांचे उत्तर ‘हो’ येईल त्यांना रक्तदाब तपासणीच्या निमित्ताने उपकेंद्रात एकटे बोलवावे, असे आम्ही ठरवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या सवयीबद्दलची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावली तेथे मी स्वतः भरून घेईन. रात्री-अपरात्री फोन करणाऱ्या घरच्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देता येईल. एक शंका उरते: ज्याचे हात सकाळी थरथरतात, पण जो कोल्हापूरला जायला तयारच नाही, त्याला मी त्या दिवशी काय सांगावे?

प्रतिसाद – मनोविकार विभागात काम केलेली परिचारिका

त्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, हे आधी सांगा, आणि ते का, हेही सांगा. पिण्याची परवानगी मिळाली असा त्याचा समज होऊ देऊ नका. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी फोन करून थायमिन सुरू करण्याबद्दल विचारा. पूर्वी फिट आली असेल, भ्रम झाला असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर मात्र घरच्यांना बोलावून घ्या आणि १०८ची गाडी मागवा. बाकीच्यांना तीन दिवसांनी पुन्हा बोलवा आणि न आल्यास आशाताईंना घरी पाठवा. पहिल्या भेटीत नाही म्हणणारे पुष्कळजण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत गाडीत बसतात.