मदत हवी आहे: वडिलांच्या कमरेतला नर्व्ह ब्लॉक दुसऱ्यांदा करावा का? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

बाबा ६८ वर्षांचे. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे. मांडवाखाली मान वर, कंबर मागे टाकून छाटणी आणि विरळणी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता मागे वाकताना, कूस बदलताना कंबरेत कळ येते. ती कुल्ल्यापर्यंत जाते, गुडघ्याखाली उतरत नाही. पुढे वाकून बसले की बरं वाटतं.

एमआरआयमध्ये फॅसेट जॉइंटची, म्हणजे मणक्यांना मागच्या बाजूने जोडणाऱ्या छोट्या सांध्यांची, झीज दिसली. पण नाशिकचे पेन स्पेशालिस्ट म्हणाले की अशी झीज न दुखणाऱ्या माणसातही दिसते, दुखणं तिथलंच आहे का हे त्यावरून ठरत नाही. म्हणून त्या सांध्यांकडे जाणाऱ्या बारीक नसा बधिर करून पाहिल्या, हाच नर्व्ह ब्लॉक. एका सांध्याला दोन नसा, सी-आर्मवर (चालू एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनवर) बघत प्रत्येकीजवळ थेंबभर औषध. झोपेचं औषध मुद्दाम दिलं नाही, नाहीतर बरं नेमकं कशाने वाटलं ते कळलं नसतं.

त्या संध्याकाळी बाबा ताठ उभे राहून अंगणात फिरत होते. किती दिवसांनी त्यांना तसं पाहिलं! सकाळी दुखणं परत जसंच्या तसं. काका म्हणतात, पैसे पाण्यात गेले. डॉक्टर म्हणतात, हा उपचार नव्हता, तपासणी होती. आता खात्रीसाठी पुन्हा एकदा करायचं, आणि तसाच आराम पडला तर रेडिओफ्रिक्वेन्सीने त्या नसा तापवून निकामी करायच्या.

बाबा तयार नाहीत. कुणी दोन्ही वेळा करून घेतलंय का? पुढचा आराम किती टिकला? त्यांना स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. फार काळजी वाटते.

प्रतिसाद:

ताई, दुसरी टेस्ट टाळू नका. पहिल्या ब्लॉकला खोटा आराम वाटणारे पुष्कळ निघतात. सासूबाईंचं दोनदा केलं, मगच आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी). नंतर काही दिवस तिथे हुळहुळत होतं, मग वर्षभर छान गेलं. नसा पुन्हा वाढतात, तेव्हा दुखणं परतू शकतं, पण आरएफ परत करता येतं.

गोळी मनाने अजिबात बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा. आणि त्या दिवशी बाबांना झोपवून ठेवू नका. मागे वाकायला लावा, बागेत चालवा, दर अर्ध्या तासाने दुखणं दहापैकी किती ते वहीत लिहा. पहिल्या वेळी असं लिहिलं होतं का?