खिरापत ओळखा! भोंडला, हादगा, भुलाबाई आणि जुन्या मैत्रिणी

निशिगंध४९
काल संध्याकाळी खालच्या मजल्यावरची चिमुरडी स्टीलचा डबा घेऊन आली, माझ्या कानाशी धरून वाजवला आणि म्हणे काकू ओळखा. शेंगदाणे? नाही. फुटाणे? नाही. निघाले साखरफुटाणे. आणि एकदम १९८५-८६ चा शनिवार पेठेतला आमचा वाडा डोळ्यापुढे आला, पाटावर खडूने काढलेला हत्ती, भोवती झेंडू आणि माझा हात घट्ट धरून फेर धरणारी माझी मैत्रीण. ११ वर्षं झाली आम्हाला बोलून. भांडण वगैरे काही नाही, मुलांची दहावी-बारावी, सासूबाईंचं आजारपण, यात राहूनच गेलं. रात्री साडेनऊला फोन लावला. हॅलो नाही की काही नाही, म्हणाली, "तुझ्या आईची वाटली डाळ, डबा हलवला तरी आवाजच नाही, कोणालाच ओळखता आली नव्हती!" दोघी रडलो. तुमच्याही आठवणी लिहा ना.

सांगलीची_लेक
आमच्याकडे हादगा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की १६ दिवस, पहिल्या दिवशी एक गाणं, शेवटच्या दिवशी सोळा, आणि खिरापतीपण तशाच वाढत जायच्या. भिंतीवर हत्तीचं चित्र आणि त्याला फळांच्या माळा. कुकर झाला, येते परत.

वऱ्हाडची_माय
भुलाबाई म्हणा हो! अकोल्याला भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून थेट कोजागिरीपर्यंत, मातीचे भुलोजी-भुलाबाई, टिपऱ्या, आणि कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांखाली बसवायचो दोघांना. मग आटीव दूध. निशिगंध, फोन केलास ते फार बरं केलंस गं. माझी एक होती, मी उशीर केला.

खान्देशी
जळगावकडे गुलाबाई 🙏

दादा_पुणेकर
मुलांना फेरात घ्यायचे नाहीत, मी नुसता खिरापतीसाठी ताईच्या मागे मागे. आता मी ५२ चा, ताई बहारीनला. नवरात्रात रोज रात्री तिचा व्हॉइस मेसेज येतो, त्यात फक्त डब्याचा खडखडाट, बोलत काहीच नाही. मी ओळखायचं. काल खारी बुंदी बरोबर आली, दिवस चांगला गेला.

निशिगंध४९
दादा, डोळ्यात पाणी आणलंत.

वऱ्हाडची_माय
खारी बुंदी आवाजावरून ओळखली?? कमाल आहे.

अबोली
बाबांची फिरतीची नोकरी, मी वाढले रायपूर-जबलपूरला, यातलं काहीच माहीत नव्हतं. ४५ व्या वर्षी सोसायटीत पहिल्यांदा फेर धरला, गाणी मोबाईलमध्ये बघून म्हणत होते तर बी विंगमधली एक जण म्हणाली फोन ठेव, माझ्या मागून म्हण. तेव्हापासून सकाळचं चालणं, भाजी, तिच्या आईचं डायलिसिस, सगळीकडे दोघी बरोबर. या वयात मैत्रीण मिळेल असं वाटलं नव्हतं.

खान्देशी
वाटल्या डाळीत कैरी घालता का?

सांगलीची_लेक
आले. कैरी चैत्रातल्या आंबेडाळीत हो, नवरात्रात कुठली कैरी, लिंबू पिळा. आणि डाळ भरड वाटा, फार बारीक नको, मोकळी व्हायला हवी. अबोली, तुझ्या मैत्रिणीच्या आईला आता बरं आहे ना?

अबोली
हो ताई, आठवड्यातून दोनदा जातो आम्ही.

निशिगंध४९
माझी ती रविवारी येतेय ठाण्याहून. डबा आणते म्हणाली, आत काय ते सांगत नाही.

दादा_पुणेकर
दडपे पोहे.

वऱ्हाडची_माय
दडपे पोहेच! रविवारी सांग.