स्विफ्टचा एक्झॉस्ट: पाइप किती इंची, कुठल्या स्टीलचा?

पेडण्याहून: स्विफ्ट १.२ पेट्रोल. मोरजीच्या खाऱ्या वाऱ्यानं सायलेन्सर दुसऱ्यांदा कुजला. वेल्डर अडीच इंची माइल्ड स्टील (साधं, गंजणारं पोलाद) सुचवतोय. घेऊ का?

म्हापशाहून: दादा, अडीच इंच नको! ८५ हॉर्सपॉवरला पावणेदोन पुरे. फार रुंद पाइपात गॅसचा वेग पडतो. चोर्ला घाट चढताना खालच्या आरपीएमला गाडी मरगळलेली वाटेल. स्टेनलेस स्टीलचा ३०४ हा प्रकार घे, त्यात गंज रोखणारं १८ टक्के क्रोमियम असतं. ४०९ हा स्टेनलेसचाच दुसरा प्रकार स्वस्त, पण समुद्राकाठी वरून तांबेरतं. टिग वेल्डिंगच्या (टंगस्टनच्या टोकानं जोडण्याच्या) वेळी पाइपात आर्गॉन वायू सोडायला सांग, म्हणजे सांधा आतून हवेनं जळत नाही; माझा पहिला पाइप सांध्यातूनच गेला होता.

फोंड्याहून: कॅटलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) मात्र काढू नकोस. आणि बाक मँड्रेलवरच (पाइपाला आतून आधार देणाऱ्या दांड्यावर) वाकवून घे, नाहीतर वळणावर पाइप चेपतो.

पेडण्याहून: ३०४, पावणेदोन. ठरलं!