बचाता शिकवताना पाय आधी की बॉडी वेव्ह आधी?

पायताल
नवख्यांच्या वर्गात दुसऱ्या-तिसऱ्या तासालाच बॉडी वेव्ह, म्हणजे धडाची लाट, आणि मान फिरवणं सुरू होतं, याला माझा ठाम विरोध आहे. बचाता हे डोमिनिकन रिपब्लिकच्या संगीताचं आणि त्यावरच्या नाचाचं नाव, आणि तो नाच पायांत आहे. बाजूला तीन पावलं, चौथ्या मात्रेला टॅप. परत येताना पाच, सहा, सात आणि आठव्याला टॅप. तिकडे बोलेरोच्या, म्हणजे संथ प्रेमगीतांवरच्या नाचाच्या, वळणाने चौकोनातही नाचतात. गुडघे सैल असतात आणि रेकिंतोने, म्हणजे मुख्य गिटारने, स्वरांची झड लावली की पावलंही दुप्पट होतात. सेन्शुअल बचाता, म्हणजे धडाच्या लाटांची शैली, ही नंतरची, स्पेनमधल्या कादिसची. कोर्के आणि जुडिथ या जोडीने दोन हजारच्या दशकात ती घडवली. सुंदर आहे, मलाही आवडते. पण तिथून सुरुवात केलेल्या माणसाला गाणं ऐकूच येत नाही, तो फक्त पुढच्या लाटेची वाट बघतो.

उत्तररात्र
पूर्ण असहमत. मूळ मूळ म्हणता ते नेमकं कोणतं? होसे मानुएल काल्देरोनने 1962 मध्ये पहिली बचाता ध्वनिमुद्रित केली, तेव्हा ती बोलेरोच्याच अंगाची होती. 1987 मध्ये ब्लास दुरानने इलेक्ट्रिक गिटार आणली आणि चाल वेगवान झाली. पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या आवेंतुरा या बँडने तिच्यात आर अँड बी हे अमेरिकी संगीत मिसळलं आणि युरोपभर तेच वाजलं. प्रत्येक पिढीने बचाता बदलली, मग कादिसच्या जोडीनेच काय घोडं मारलं? मंद, ताणलेल्या सुरांच्या गाण्यावर पायांची झटापट करत राहणं मला तरी विसंगत वाटतं. तिथे धडाची लाटच सुरांना न्याय देते.

पायताल
उत्तररात्र, बदलाला माझी हरकत नाही. पण तुम्ही दिलेली तिन्ही नावं डोमिनिकन मुळांच्या माणसांची आहेत, हे विसरू नका. या संगीताने काय सोसलंय तेही बघा. डोमिनिकन हुकूमशहा त्रुहियोच्या काळात मेरेंगे या दुसऱ्या नाच-संगीताला राजाश्रय होता. 1961 मध्ये त्याची हत्या झाली आणि त्यानंतरच गिटारवरची ही विरहगीतं तबकड्यांवर यायला लागली. तरीही पुढची वीसेक वर्षं राजधानी सान्तो दोमिंगोच्या प्रतिष्ठित घरांत ती चालत नसत. झोपडपट्टीची, दारूच्या गुत्त्यांची, वेश्यावस्तीची गाणी म्हणून हिणवली जात. रेडिओ ग्वाराचितासारखं एखादंच केंद्र ती लावायचं. आपल्याकडे लावणी तमाशाच्या फडात होती तोवर पांढरपेशे नाकं मुरडायचे, तसंच. 1990 मध्ये डोमिनिकन गायक हुआन लुईस गेराचा ‘बचाता रोसा’ हा अल्बम आला, त्याला ग्रॅमी मिळालं, तेव्हा कुठे दिवाणखान्याची दारं उघडली. 2019 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं ते डोमिनिकन बचाताचं, संगीत आणि नाच दोन्हींचं. एवढा अपमान पचवलेल्या लोकांचं नावही न घेता त्यांचा नाच विकायचा, हे मला पटत नाही.

दोनचारसहा
मी पुण्यात शिकवतो, म्हणून लिहितो. ताई, तुमचा इतिहास बरोबर आहे, पण वर्गात येणारी मुलं मोबाइलवर सेन्शुअलचे व्हिडिओ बघून आलेली असतात. महिनाभर नुसती मूळ पावलं करून घेतली तर निम्मी गळतात. मी आधी त्यांना हवं ते थोडं देतो, मग डोमिनिकन गायक अँथनी सांतोसची गाणी लावून पायांवर आणतो. अशी आलेली काही जणं आता फक्त डोमिनिकन शैलीच नाचतात. दार कुठलं का असेना, माणूस आत तर आला.

मोगरा_८२
सर, एक बाजू राहून गेली. मी फॉलोअर म्हणून, म्हणजे जोडीदाराच्या इशाऱ्यावर, नाचते. धड एकरेषेत कसं ठेवायचं हे न शिकलेला लीड, म्हणजे इशारे देणारा जोडीदार, जेव्हा माझी मान फिरवायला बघतो तेव्हा ती खरंच दुखते, आणि सोशलमध्ये, म्हणजे खुल्या नाचाच्या संध्याकाळी, पहिल्याच गाण्याला अनोळखी माणूस इतका जवळ ओढतो की नको होतं. मोकळ्या पकडीत पावलं पक्की झाली की कोणाबरोबर किती जवळ जायचं हे बाईला ठरवता येतं. माझ्यासाठी पाय आधी येतात ते या कारणाने. इतिहास त्यानंतर.

दोनचारसहा
मोगरा, मानेचं म्हणणं मान्य. डोक्याच्या हालचाली नवख्यांच्या वर्गातून मी काढून टाकतो. साधी लाट मात्र ठेवणार.

उत्तररात्र
मान आणि पकड यांबद्दल माझाही वाद नाही, तो शिस्तीचा भाग आहे. पण पायताल, नाव घेण्याचा मुद्दा तुम्ही शैलीच्या गळ्यात का बांधताय? काल्देरोनचं नाव सेन्शुअलच्या वर्गातही सांगता येतं.

पायताल
सांगता येतं, पण सांगत कोण? आणि माझा मुद्दा कानाचाही आहे. गाण्यात कडवं असतं, ध्रुपद असतं, आणि मांबो असतो, जिथे गायक थांबतो, गिटार पुढे येते, बोंगो (छोटे ढोल) आणि ग्वीरा (घासून वाजवायचं धातूचं वाद्य) यांची चाल बदलते. तुमच्या वर्गातल्या कोणालाही डोळे मिटून विचारा, मांबो कुठे सुरू झाला. ओळखता आला तर खुशाल लाट घ्या, मी एक शब्द बोलणार नाही.