ओम्नी पन्नाशीला रडायला लागते, डिफरन्शियलच का?

डबे_सातारा
२००८ ची ओम्नी, १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेत. रोज ४० डबे घेऊन एमआयडीसीत जाते. तीन आठवडे झाले, मागून आवाज येतोय. खडखड नाही, घरघर नाही. गिरणीचा पट्टा सरकल्यावर येतो तसा बारीक, ताणलेला "कुंईंई". ४८-५० ला सुरू होतो. ६५ च्या पुढे इंजिनच एवढं ओरडतं की काही कळत नाही. ॲक्सिलेटर सोडला की सूर उतरतो. पसरणी घाट चढताना शांत, कारण तिथे वेगच नसतो.

एकाने टायर सांगितले. दोन टायर बदलले, ५ हजार गेले, आवाज तिथेच. दुसरा म्हणतो डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना जोर पोचवणारी गिअरची पेटी; भंगारातून तिचं अख्खं हाउसिंग आणून टाकू. नवरा म्हणतो विक. गाडी डब्यांच्या पैशातून घेतलीय, विकणार नाही. नेमकं काय तपासायचं?

माळरान७
विकाच ताई. इको घ्या.

डबे_सातारा
तुम्ही देताय का घेऊन?

जुना_एसटीवाला
एसटीच्या वर्कशॉपात २६ वर्षं काढली. अजून पाना कुणाला लावू देऊ नका, आधी आवाजाचा मालक शोधा.

गाडी उभी असताना रेस करा. आवाज आला तर तो मागचा नाहीच, इंजिनाकडचा. मग मोकळ्या रस्त्यावर ५० ला तिसऱ्यात आणि चौथ्यात चालवून बघा. वेग तोच आणि आवाज गिअरप्रमाणे बदलला तर गिअरबॉक्स. दोन्हीत सारखाच असेल तर मागचं. मग तिथेच न्यूट्रल करा. चावी मात्र बंद करायची नाही, चालू गाडीत स्टेअरिंग लॉक झालं तर घात होईल. न्यूट्रलला आवाज पूर्ण गेला तर क्राऊन-पिनियनचे, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचे, दात बोलतायत, कारण त्यांच्यावरचा जोर गेला. थोडा उरला तर बेअरिंगवर संशय. डावी-उजवी हलकी वळणं घेऊन सूर बदलला तर चाकाचं बेअरिंग.

शेवटचं, २० किलोमीटर चालवून हाउसिंगच्या नाकाला, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, जोडतो तिथे, बोट टेकवा. सांभाळून.

डबे_सातारा
केलं काका. उभ्या गाडीत काही नाही. तिसऱ्यात, चौथ्यात सारखाच. न्यूट्रलला कमी झाला, गेला नाही. वळणांना काही फरक नाही. आणि नाक कढईसारखं तापलंय, बोट लगेच काढलं. एक राहिलंच सांगायचं. हा आवाज सुरू व्हायच्या आधी तिथलं ऑइल सील गळत होतं म्हणून बदललं होतं.

जुना_एसटीवाला
हे पहिल्या ओळीत सांगायचं, ताई!

सील बदलायला पिनियनचा मोठा नट काढावा लागतो. अशा बऱ्याच गाड्यांत पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये मुद्दाम दबणारा स्पेसर असतो. नट आवळू तसा तो दबतो आणि बेअरिंगला मोजका ताण बसतो. एअर गनने घरघरवला की स्पेसर हवा त्यापेक्षा जास्त चेपतो, बेअरिंग जड फिरतं, तापतं, ओरडतं. नट सैल करून भागत नाही, चेपलेला स्पेसर परत फुगत नाही. नवीनच टाकावा लागतो.

तेल काढण्याआधी वरचा भरायचा नट सुटतो का ते बघा. खालचा उघडला आणि वरचा गंजून बसला असला तर गाडी तिथेच. तेलात राखाडी, लोण्यासारखी पेस्ट असली तर घाबरू नका. किसासारखे तुकडे आले तर दातही बघा. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलतात, एकटं कधी नाही. आणि कुणी जाड तेल टाकून आवाज दाबून देतो म्हणाला तर उठून या. पूर्वी गाडी विकताना लोक त्यात लाकडाचा भुसा भरायचे, त्यातलाच तो प्रकार.

घाटमाथा
तेल ९० नंबरचं, जीएल-५ प्रतीचं घ्या. पण तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका, आत पितळी रिंगा असतात, त्यांना ते सोसेलच असं नाही.

डबे_सातारा
उघडलं. दुसऱ्या गॅरेजात, समोर उभी राहून. पिनियनच्या एका बेअरिंगचे रोलर निळे पडले होते, भाजल्यासारखे. दात ठीक, दातांना मार्किंगचा रंग लावून ते कसे बसतात ते दाखवलं त्याने. दोन्ही बेअरिंग, स्पेसर, सील नवीन. नट हाताने, थोडा थोडा आवळला, दर वेळी पिनियन फिरवून बघत. अर्धा दिवस गेला, त्या दिवशी डबे रिक्षाने पाठवले. ५० ला आता शांत आहे. ६० ला किंचित "हूं" आहे, पण तो बहुधा आधीपासूनच होता, मी ऐकत नव्हते.

जुना_एसटीवाला
तेवढा राहू द्या. ५०० किलोमीटरला तेल बदला, डब्यांच्या गडबडीत विसराल.