लयकारिकेतली विकरं पेशीलाच का पचवत नाहीत?

प्रश्न
लयकारिकांना (लायसोसोम, पेशीतल्या पचन करणाऱ्या पिशव्या) पुस्तकात ‘आत्मघाती पिशव्या’ म्हटलंय. त्यांतली विकरं प्रथिनं, मेद, केंद्रकाम्लं सगळंच फोडतात. मग तयार होऊन पिशवीत पोचेपर्यंत ती वाटेत काहीच कसं पचवत नाहीत? आणि पिशवी फुटलीच तर पेशी मरते का?

प्रतिसाद १
ती पेशीद्रव्यात उतरतच नाहीत. खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवरच्या रायबोसोमवर साखळी बनत असतानाच जालिकेच्या पोकळीत शिरते, तिथून पुटिकांमधून गॉल्जी संकुलात जाते. गॉल्जीत विकरावरच्या मॅनोज शर्करेच्या सहाव्या कार्बनवर फॉस्फेट बसतं. पुढचे ग्राही (खूण ओळखून चिकटणारी प्रथिनं) ही खूण ओळखून विकर पकडतात आणि एंडोसोममध्ये (लयकारिकेच्या वाटेवरच्या पुटिकेत) सामू ६ च्या खाली गेला की सोडून देतात. शिवाय कॅथेप्सिनं, म्हणजे त्यांतली प्रथिनं फोडणारी विकरं, निष्क्रिय रूपात बनतात. आम्लात जादा तुकडा कापला गेला की मगच कामाला लागतात.

खुणेचं महत्त्व आय-सेल या आनुवंशिक रोगात दिसतं. फॉस्फेटची खूण करणारं विकर सदोष असल्याने बाकीची विकरं बनूनही पेशीबाहेर जातात, रक्तात सापडतात. लयकारिकांत मात्र न पचलेला माल साचत जातो.

प्रतिसाद २
फुटण्याबद्दल: लयकारिकेत सामू ४.५ ते ५, पेशीद्रव्यात साधारण ७.२. म्हणजे आत हायड्रोजन आयन शेकडो पट जास्त, आणि ते टिकवायला पिशवीभोवतीच्या पटलातला पंप सतत एटीपी खर्चतो. एखाददुसरी फुटली तर विकरं पातळ होतात, बहुतेक मंदावतात, सिस्टॅटिन प्रथिनं काही कॅथेप्सिनांना अडवतात. पेशी निभावून नेते. एकदम अनेक फुटल्या तर मात्र उरलीसुरली क्रियाही पेशीमृत्यू सुरू करायला पुरते. फुप्फुसातल्या भक्षकपेशींनी गिळलेले सिलिकाचे स्फटिक असंच पटल फाडतात.

प्रश्नकर्ता
पटल विकरं अडवून धरतं, हे प्रयोगात दाखवता येईल का?

प्रतिसाद ३
येईल. जीवरसायनशास्त्रज्ञ क्रिस्तियां द द्यूव्ह यांना १९५० च्या सुमारास लयकारिकांचा सुगावा यातूनच लागला. यकृत ०.२५ मोलर सुक्रोजमध्ये, ४ अंश सेल्सिअसला, हलक्या हाताने घोटा. केंद्रकं आणि अख्ख्या पेशी कमी वेगाने फिरवून काढून टाका. द्रवाचे दोन भाग करा, एकात ०.१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (पटल विरघळवणारा साबणासारखा पदार्थ) घाला. दोन्हींत सामू ५ वर स्थिर ठेवणाऱ्या ॲसिटेट बफरमध्ये पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट (लयकारिकेतल्या विकराने फोडलं की अल्कलीत पिवळा रंग देणारं) द्या, दहा मिनिटांनी सोडियम हायड्रॉक्साइडने क्रिया थांबवा. ट्रायटनच्या नळीत पिवळा रंग ठळक दिसायला हवा.

दोन्ही सारख्याच पिवळ्या झाल्या तर आधी बफर तपासा. त्यातही ०.२५ मोलर सुक्रोज हवंच. नसेल तर परासरणाने पाणी शिरून लयकारिका आधीच फुटतात. जोरात घोटणं किंवा नमुना गोठवून वितळवणं, यानेही तेच होतं.