मदत हवी आहे: क्षितिजाजवळचे पुंजक्यांचे ढग कसे ओळखायचे?

संध्याकाळचं आकाश न्याहाळण्यासारखा आनंद नाही. बहुतेक ढग ओळखता येतात, पण आल्टोक्युम्युलस (मध्यम उंचीवरचे पुंजक्यांचे ढग) आणि सिरोक्युम्युलस (खूप उंचावरचे, बारीक पुंजक्यांचे ढग) यांत अडतंय. हात लांब करून करंगळी धरते: पुंजका तिच्याआड (साधारण १ अंश) पूर्ण लपला आणि त्यावर करडी छटा नसली, तर सिरोक्युम्युलस. डोक्यावरच्या ढगांना हे छान जमतं. पण हा नियम क्षितिजापासून ३० अंशांच्या वरच लागू होतो, आणि मावळतीचे सगळ्यात देखणे थर नेमके त्याखाली! तिथे अंतरामुळे सगळेच पुंजके बारीक दिसतात, तिरप्या उजेडात छटेचाही भरवसा नाही. ढग वर सरकायची वाट पाहिली, तर बहुतेकदा आधीच विरतात. उपग्रहचित्रं नकोत, नुसत्या डोळ्यांनी ओळखायचंय. इतक्या खालच्या ढगांसाठी तुम्ही कोणती खूण पाहता?